लाल ठिपक्याचं ताट

मला मराठीत लिहायची सवय नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. पिवळी बस सकाळी फाट्यावरून घ्यायची आणि संध्याकाळी तिथंच सोडायची. शाळेत इंग्रजी बोलताना चुकेन म्हणून लाजायचे, आणि घरी आल्यावर 'आल्या बघा मॅडम' असं कुणी म्हणेल म्हणून मराठी बोलायलाही. असं करत करत मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आजारपणात जंतूंनी जो त्रास दिला तो दिलाच, पण पुष्कळसा त्रास या गप्प बसण्यानं झाला.

आजाराचं खरं नाव कळलं त्या दिवशी मी मोबाइलवर मराठीत शोधलं. माझ्या कामाचं काही सापडलं नाही. इंग्रजीत पानंच्या पानं होती, पण ती मम्मीला कशी वाचून दाखवणार? म्हणून हे लिहितेय. कुठल्यातरी घरात कुणीतरी असंच खोकत असेल, टीबीच्या गोळ्या खाऊनही ताप उतरत नसेल, आणि त्याचं ताट वेगळं झालेलं असेल. त्याच्यासाठी. औषधांची माहिती डॉक्टरांकडूनच घ्या. मला त्यातलं फार कळत नाही. बाकीचं कळतं.

*

मी चार वर्षांची असताना मला न्यूमोनिया झाला. तो बरा झाला, पण डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग कायमचा दुखावला. तिथल्या नळ्या रुंद झाल्यात, त्यात कफ साठतो आणि तो रोज काढावा लागतो, विहिरीतला गाळ काढावा तसा. डॉक्टर त्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. आमच्या घरात त्याला 'ऋतुजाची छाती' म्हणतात. "ऋतुजाच्या छातीला पंखा सोसत नाय," "ऋतुजाच्या छातीसाठी पाणी गरम कर," असं.

रोज सकाळी मी पलंगावर पालथी पडते, पोटाखाली दोन उशा घेते, डोकं खाली सोडते आणि मम्मी तळहाताची वाटी करून माझ्या पाठीवर थापट्या मारते. खालून वर, मग परत खालून. त्याचा टपटप असा पोकळ आवाज येतो. दहा-पंधरा मिनिटांनी कफ सुटतो. शाळेत असल्यापासून हे चाललंय. मम्मी मारता मारता दिवसाची कामं मोठ्यानं ठरवते. आज खुरपायला किती बाया, दूध कुणाकडं द्यायचं. मला वाटतं, आमच्यात आजवर जेवढं बोलणं झालंय त्यातलं निम्मं माझ्या पाठीमागून झालंय.

मंचरला कॉलेज झालं. नोकरीसाठी पुण्याला जायचं घाटत होतं, पण छातीमुळे राहून गेलं. आमच्या गावी, निमगाव साव्याला, आमची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, झेंडू. मी तिथंच काम करायला लागले. नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला कोकोपीट म्हणतात, त्याच्या विटा भिजवून हातानं मोकळ्या करायच्या, ट्रे भरायचे, एकेका खाचेत एकेक बी टोचायचं, आणि कोणत्या ट्रेमध्ये कोणतं वाण आहे त्याची चिठ्ठी लावायची. वर शेडनेटची जाळी, खाली ओल, आणि दर तासाला छतातून धुक्यासारखे पाण्याचे बारीक फवारे. उन्हाळ्यातही आत गार असायचं. खरं सांगायचं तर ती जागा मला फार आवडायची. रोपं काही विचारत नाहीत.

*

दिवाळीनंतर संध्याकाळचा ताप यायला लागला. वजन उतरलं. एके सकाळी थापट्यांनंतर कफ थुंकायच्या पातेल्यात गुलाबी रंग दिसला. मम्मीनं पातेलं माझ्या हातातून घेतलं आणि पाणी ओतून टाकलं.

तपासणी झाली. थुंकीत टीबीसारखे जंतू दिसतात असं कळलं, आणि टीबीचं औषध सुरू झालं. यात कुणाची चूक होती असं मला म्हणायचं नाही. टीबीचे जंतू आणि त्यांच्यासारखे दुसरे, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात म्हणे. नमुना पुढच्या तपासणीसाठी गेला, आणि त्याचं उत्तर यायला खूप आठवडे लागणार होते.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा वहिनी ओट्यावर गवार मोडत बसली होती. तिला चौथा महिना लागला होता. मी पायरी चढले आणि ती उठून आत गेली. ती घाबरून गेली की नुसतीच काही कामानं गेली, हे मला पुढं कितीतरी महिने माहीत नव्हतं.

मम्मी मला न्हाणीघराजवळ घेऊन गेली. "पोटुशी हाय ती," ती हळू आवाजात म्हणाली. "राग नको येऊ देऊ."

"नाही येत."

"ताट-वाटी येगळी काढलीया तुझी. बाकी काय नाय."

एक ताट, दोन वाट्या, एक तांब्या. चुकून दुसऱ्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून मम्मीनं प्रत्येकावर नेलपेंटचा लाल ठिपका दिला होता. बाटली वहिनीचीच असणार. घरात दुसरं कुणी नेलपेंट लावत नाही.

राहण्याचं आण्णांनी ठरवलं. आण्णा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. पप्पा रोपं पोचवायला कायम टेम्पोवर असतात, ते फक्त मान हलवतात.

"मला एकविसाव्या वर्साला टीबी झाला व्हता," आण्णा म्हणाले. "आमच्या बानं उचलून मळ्यातल्या खोपीत नेऊन टाकलं. मोकळी हवा, शेळीचं दूध. सहा म्हयन्यात उठून नांगर धरला. खोटं वाटतंय का?"

"नाही आण्णा."

"नर्सरीची खोली हाय. लई गारवा. घरातल्या कोंदट हवेत काय ठिवलंय? तिथं राहा, बघ कशी टवटवीत व्हशील. रोपावानी."

ते हसले. मीही हसले. त्यांनी स्वतः खाट उचलून नेली, खिडकीला जाळी मारली, आणि दुसऱ्या दिवशी कुठूनतरी शेळी आणून बांधली.

*

ती खोली शेडनेटला लागूनच आहे. खिडकी उघडली की फवाऱ्याची ओल आत येते. बाहेर कोकोपीटचा ढीग. मी तिथं साडेतीन महिने राहिले.

सकाळी मम्मी यायची. पदर नाकाला गुंडाळलेला, हातात डबा. आधी थापट्या, मग चहा. पूर्वीसारखं मागून बोलणं नसायचं, कारण पदरातून आवाज नीट यायचा नाही आणि तिलाही लवकर परत जायचं असायचं. पण तिचा हात पाठीवर पडायचा. दिवसभरात मला झालेला माणसाचा स्पर्श तेवढाच. ती गेली की मी पाठ थोडा वेळ तशीच उघडी ठेवायचे.

कामाच्या बायका शेडच्या दुसऱ्या टोकाला ट्रे भरायला बसायच्या. पूर्वी माझ्या शेजारी बसणारी एक जण लांबून हात करायची. तिनं कधी तोंड फिरवलं नाही, पण जागा बदलली होती. एकदा तिनं तिथूनच ओरडून विचारलं, "आगं, जेवली का?" मी ओरडून सांगायला गेले आणि खोकला आला. तिनं परत विचारलं नाही. तिला वाटलं असेल, आपल्यामुळे त्रास झाला.

दिवसभर करमायचं नाही म्हणून मी बी टोचत बसायचे. विटा मोकळ्या करायचे. भुसा हाताला, नाकाला, केसांना. फवारा सुरू झाला की चेहरा वर करून उभी राहायचे. छातीला बरं वाटतंय अशी माझी समजूत. आण्णा रोज शेळीचं दूध घेऊन यायचे, दारातून बघायचे आणि म्हणायचे, "रंग आलाय गं जरा." रंग आला नव्हता. ताप जात नव्हता. गोळी एकही चुकवली नव्हती, तरी वजन अजून उतरलं. मला वाटायला लागलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी पुरेशी मोकळी हवा घेत नाही. म्हणून मी आणखी जास्त वेळ शेडमध्ये बसायला लागले.

ही आमची चूक. जगात दुसरीकडे कुणाच्या हातून झाली असेल असं मला वाटत नाही. ज्यांच्या घरी नर्सरी आहे, ज्यांच्या आण्णांना मळ्यात राहून बरं वाटलं होतं, त्यांच्याच हातून ती होऊ शकते. आणि ती मायेनं झाली.

मधल्या काळात वहिनी सातव्या महिन्यात येडगावला, तिच्या माहेरी गेली. जाण्याआधी तिनं व्हॉट्सअॅपवर मेसेज केला होता. 'ताई, मुलगी झाली तर नाव काय? तुम्ही आत्या. तुम्हीच सांगा.' मी दोन दिवस विचार केला आणि एकच नाव पाठवलं. रेवा. तिनं हृदय पाठवलं. मग बाकी काही बोलणं नाही.

*

पुण्याला नेलं तो दिवस मला तुकड्या-तुकड्यानं आठवतो. नमुन्याचं उत्तर आलं होतं आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं होतं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, मला पिकअपमधून घेऊन गेला. बाहेर लांबलचक बाक, प्रत्येकाच्या मांडीवर फायलींची पिशवी. पिशव्या सगळ्यांच्या एकसारख्या जुन्या. आमचा नंबर पुकारला आणि नेमका त्याच वेळी वॉचमन ओरडत आला, "ती भाजीची गाडी कुणाची? काढा आधी!" दादा गाडी काढायला पळाला. मी एकटीच आत गेले.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या. त्यांनी कागद वाचले, माझी पाठ ऐकली, परत कागद वाचले.

"हा टीबी नाही," त्या म्हणाल्या. "टीबीच्या जंतूंचे भाऊबंद आहेत हे. मातीत असतात, पाण्यात असतात, सगळीकडे असतात. धडधाकट माणसाचं काही बिघडवत नाहीत. आधीच दुखावलेलं फुफ्फुस सापडलं की मुक्काम ठोकतात."

मी त्यांना एक प्रश्न विचारला. डॉक्टरांना मी स्वतःच्या तोंडानं विचारलेला तो पहिला प्रश्न. "दुसऱ्याला लागतो का?"

"माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. का गं? वेगळं ठेवलंय की काय?"

मी मान हलवली.

"कुठं?"

मी सांगितलं. नर्सरी, फवारे, कोकोपीट, खिडकी. सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं. बाईंनी पेन खाली ठेवला.

"जंतू कुठून आले हे मी छातीठोक नाही सांगू शकणार," त्या म्हणाल्या. "पण तुझ्यासारख्या छातीला ओल्या भुशात आणि फवाऱ्यात दिवसभर बसणं चांगलं नाही. आजच घरी जा. घरात राहा, सगळ्यांबरोबर जेव. मी लिहून देते." त्यांनी कागदाच्या खाली इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या.

मी बाहेर आले तर दादा धापा टाकत समोरून येत होता. "झालं? काय म्हणाल्या?"

"टीबी नाही."

त्यानं कागद घेतला, आजाराचं नाव वाचायचा प्रयत्न केला. "नॉन... ट्युबर... नॉन म्हणजे नाही ना?"

"हो."

"म्हणजे काहीच नाही ना मग?"

"आहे."

"नाही, पण आहे?" तो माझ्याकडे बघत राहिला. "असला कसला आजार हा, राव."

"गोळ्या वर्षभराच्या वर घ्यायच्यात. दुसऱ्या."

त्यानं गाडी काढली. राजगुरुनगर मागं पडलं. लागत नाही, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत तीनदा आलं. पण मला वाटलं, तो विचारेल, 'नक्की ना?' आणि मग घरी मम्मी विचारेल, मग आण्णा, मग वहिनीच्या माहेरचे, आणि दर वेळी मला एकटीलाच खात्री द्यावी लागेल. समजा एवढं करूनही बाळाला काही झालं, साधी सर्दी झाली, तर? ते वाक्य मी गिळलं.

म्हणून सांगते, डॉक्टरांना जे महत्त्वाचं विचारायचं ते घरच्या माणसाला शेजारी बसवून विचारा. गाडीचं काय व्हायचं ते होऊ द्या.

*

जंतू मातीत, ओल्या भुशात असतात हे मात्र मी मम्मीला सांगितलं, कारण खोली सोडायला कारण लागणार होतं. ऐकून ती चुलीपुढं खाली बसली.

"आण्णांना नको सांगू," ती म्हणाली. "लई जीव लावून धाडलं व्हतं त्यांनी."

आण्णांना एवढंच सांगितलं की पुण्याच्या डॉक्टरांनी घरी राहायला सांगितलंय. ते खूश झाले. "मळ्याची हवा लागू पडली म्हंजी!"

"हो आण्णा," मी म्हणाले.

हे लिहायला घेण्याआधी मी त्यांना खरं सांगितलं. छापून आल्यावर दुसऱ्याकडून कळणं बरं नव्हतं. ते शेळीला पाला घालत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग मला कसं काय नाय झालं?"

"तुमची छाती आधी धड होती आण्णा. आणि तुम्हाला टीबी होता. हे वेगळं."

"व्हती खरी धड." ते पाल्याकडे बघत राहिले. "आन त्या टायमाला गोळ्या बी व्हत्याच. मी सगळ्यांला हवेचंच सांगत आलो." दुसऱ्या दिवशी त्या खोलीला कुलूप दिसलं. माझ्याशी ते आठवडाभर नीट बोलले नाहीत. मग एकदा काहीच झालं नसल्यासारखे दूध घेऊन आले. मी शेळीचं दूध अजून पिते. मला ते आवडत नाही.

*

नव्या गोळ्यांबद्दल थोडंसं. तोंडात सतत जुनं नाणं ठेवल्यासारखी चव. लघवी केशरी, ती टीबीच्या गोळ्यांपासूनच. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी रडले, कारण असं होतं हे कुणीतरी सांगितलं असणार आणि मी ऐकलं नसणार. एका गोळीनं नजर बिघडू शकते, म्हणून दर महिन्याला डोळे तपासायला जायचं. ठिपक्याठिपक्यांच्या चित्रात लपलेला आकडा ओळखायचा. लाल आणि हिरवा वेगळे दिसतात ना, एवढंच ते बघतात. मी तो आकडा सांगताना श्वास रोखून धरते. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की ओकारी, म्हणून आधी अर्धी भाकरी. उलटी झाली तर रागावू नका स्वतःवर. आठ-दहा आठवड्यांनी माझा ताप थांबला. कुठल्या दिवशी थांबला ते लक्षातच आलं नाही. एक दिवस मम्मी म्हणाली, "आज थर्मामीटर काढलाच नाय व्हय?" आणि कळलं की चार दिवस कुणीच काढला नव्हता.

मी घरात होते, पण जेवायचे माझ्या खोलीत. ताट तेच. मम्मी दाराशी आणून ठेवायची. टीबी नाही म्हटल्यावर ती "बरं झालं बया" म्हणाली होती, पण ठिपका तसाच राहिला. "खोकला हाय ना अजून," ती एकदा स्वतःशीच म्हणाली. माझ्या फायलीत, कपाटात, त्या दोन ओळी होत्या. घरात इंग्रजी नीट वाचता येणारी मीच.

*

मुलगी झाली.

बारसं येडगावलाच ठरलं. आमच्याकडे बारशाला मान आत्याचा. आत्यानं बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि ती नाव सांगत असतानाच भोवतीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. जोरात, हसत. का घालतात ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण आत्या झालेली प्रत्येक बाई ते धपाटे जन्मभर सांगत असते.

आदल्या दिवशी मम्मी माझ्या पाठीवर थापट्या मारत होती. हात थांबला. "उद्या गर्दी आसंल," ती मागून म्हणाली. "धूप, धूळ. तुला सोसायचं नाय."

मी उशीत तोंड खुपसून पडले होते.

"सुनीता करंल आत्याचं," ती म्हणाली. सुनीता म्हणजे आण्णांची मुलगी, माझी चुलत बहीण.

"बरं," मी म्हणाले.

मम्मीचा हात परत चालू झाला. थोडा जास्त जोरात.

सगळे गेले. मम्मीनं जाण्याआधी पुरणपोळी करून ठेवली होती, लाल ठिपक्याच्या ताटात, वर दुसरं ताट झाकून. अंगणात शेळी आणि मी. दुपारी दादानं व्हिडिओ पाठवला. पाळण्याला झेंडू आमच्याच नर्सरीतल्या रोपांचा होता. सुनीता वाकली, कुर्रर्र केलं, आणि म्हणाली, "रेवा." माझं नाव. मी पाठवलेलं. मग बायका तुटून पडल्या, "घे आत्याबाई, घे!" सुनीता "आई गं, मेले!" करत हसत होती.

मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते सांगत नाही. माझ्या पाठीवर वीस वर्षं रोज हात पडतोय. आणि ज्या दिवशी सगळ्यांनी मिळून मारायचं, त्या एका दिवशी माझी पाठ घरी होती.

त्या दिवशी मी कपाटातून फाइल काढली, त्या दोन ओळी वाचल्या आणि परत ठेवून दिली. आता सांगून काय उपयोग, असं वाटलं. एकटेपणाची ही एक गंमत आहे. बाहेरून कडी लावलेली असते असं आपण समजत राहतो, आणि कडी आतल्या बाजूला असते.

*

रेवा साडेतीन महिन्यांची झाल्यावर वहिनी घरी आली. मी दारातून बघायचे. बाळ रडलं की माझ्या खोलीचं दार लोटून घ्यायचे, म्हणजे माझा खोकला बाहेर जायला नको. तिला मालिश करताना, तिला उन्हात धरताना, सगळं मी अर्ध्या दारातून बघितलं. तिच्या डाव्या कानामागं तीळ आहे, तो लांबून दिसत नाही. मला दादाच्या फोटोवरून कळला.

असा दीड महिना गेला. एका दुपारी मम्मी शेतावर होती. वहिनी माझं जेवणाचं ताट न्यायला आली. एका कडेवर रेवा, दुसऱ्या हातात ताट. ताट तिनं उजेडाकडं धरलं.

"ताई, हे नेलपेंट माझंय ना?"

मी मान डोलावली.

"मी बाटली शोधून शोधून थकले होते तेव्हा." तिनं नखानं ठिपका खरवडला. निघाला नाही. "कुणी लावलं हे? माझ्यासाठी?"

"बाळासाठी," मी म्हणाले.

ती दारातच उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला रेवा आवडत नाही का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"दीड महिना झाला, तुम्ही एकदा जवळ आला नाहीत. ती रडली की दार लावून घेता. मी यांना म्हटलं, ताईंनी बारशाचा राग धरलाय. बरोबरच आहे म्हटलं. मी आईंना फोनवर विचारलं होतं, ताई का नाही येत, तर त्या म्हणाल्या, तिलाच सोसत नाय."

"तुम्ही उठून गेला होता," मी म्हणाले. "पहिल्या दिवशी. गवार टाकून."

"कधी?" ती आठवत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. "ताई, मला तेव्हा ओकारी यायची हो. सारखी. गवारीच्या वासानं तर..." ती थांबली. "पण खोटं नाही बोलणार. भीती पण वाटली होती. अजून वाटते थोडी. तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेल्या. हिला लागतं का?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांनी माझ्या आजूबाजूनं ठरवलं होतं, आणि मी ठरवू दिलं होतं. मी उठले, कपाट उघडलं, फाइल काढली. त्या दोन ओळींवर बोट ठेवून आधी इंग्रजीत वाचलं, मग एकेका शब्दाचं मराठी केलं. हा आजार सहसा एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. हिला घरच्यांपासून वेगळं ठेवायची गरज नाही. माझा आवाज शाळेत धडा वाचताना व्हायचा तसा झाला होता.

"कधी लिहिलंय हे?"

मी तारीख दाखवली. तिनं बोटांवर महिने मोजले.

"म्हणजे बारशाच्या आधीचं."

"हो."

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही."

"अहो, ही काय विचारायची गोष्ट आहे!" ती चिडली होती, खरोखर चिडली होती. डोळ्यांत पाणी होतं, आणि कडेवरची रेवा तिच्या मंगळसूत्राला लोंबकळत होती. "धन्य आहे तुमची. मांडी घाला."

"काय?"

"मांडी घाला म्हणते ना."

मी पलंगावर मांडी घातली. तिनं रेवाला उचलून माझ्या मांडीत ठेवलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती, आणि गरम. रेवानं माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे, मग परत माझ्याकडे.

"नाव तुमचंच आहे," वहिनी म्हणाली. "कानात सांगायचं राहिलंय. सांगा."

"आता?"

"मग कधी? हिच्या लग्नात?"

मी वाकले. कानामागं तीळ होता. कुर्रर्र करताना माझा आवाज फाटला. मग मी तिचं नाव सांगितलं, आणि त्याच क्षणी पाठीत वहिनीचा धपाटा बसला. अगदी हलका, कुणी काचेला हात लावावा तसा.

"जोरात," मी म्हणाले.

"दुखेल हो."

"नाही दुखत. मला सवय आहे. जोरात मारा, वहिनी."

तिनं मारला. मग अजून एक, मग दोन्ही हातांनी, "घ्या आत्याबाई, घ्या," म्हणत, हसत आणि नाक ओढत. आणि व्हायचं तेच झालं. इतकी वर्षं त्या पाठीला तेच शिकवलेलं. कफ सुटला. मी मान फिरवली, रुमाल तोंडाशी धरला आणि खोकत राहिले. बराच वेळ, घाणेरडं, सकाळी खोकते तसं. बाळ मांडीत आहे आणि मी खोकतेय, एवढंच डोक्यात होतं. डोळे मिटून मी वाट बघत होते. आता दोन हात येतील आणि मांडी हलकी होईल.

खोकला थांबला. मी डोळे पुसले, रुमालाची घडी केली आणि मान वळवली.

रेवा मांडीतच होती.